चार अक्षरांचे नाव

मुलाचे नाव किती अक्षरांचे असावे, हा प्रश्न भारतीय परंपरेने फार जुन्या काळापासून गांभीर्याने घेतलेला आहे. घरगुती विधींचे नियम सांगणाऱ्या सूत्रग्रंथांना गृह्यसूत्रे म्हणतात. त्यांपैकी शुक्ल यजुर्वेदाच्या परंपरेतील पारस्कर गृह्यसूत्र असे सांगते की, दहाव्या दिवशी बाळंतिणीला उठवून, ब्राह्मणभोजन घालून पित्याने मुलाचे नाव ठेवावे. ते दोन किंवा चार अक्षरांचे असावे. त्याचा आरंभ घोष वर्णाने, म्हणजे ग, ज, द, ब यांसारख्या नादयुक्त वर्णाने व्हावा. मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा अंतस्थ वर्ण यावा आणि शेवट दीर्घ स्वराने किंवा विसर्गाने व्हावा. नाव धातूपासून थेट साधलेले, म्हणजे कृदन्त असावे, दुसऱ्या नामाला प्रत्यय जोडून बनवलेले, म्हणजे तद्धित नसावे, असाही दंडक तेथे आहे. आश्वलायन गृह्यसूत्र या संख्येला फळही जोडते: प्रतिष्ठेची इच्छा असेल त्याने दोन अक्षरांचे नाव ठेवावे आणि ब्रह्मवर्चसाची, म्हणजे वेदाध्ययनातून येणाऱ्या तेजाची इच्छा असेल त्याने चार अक्षरांचे. पतंजलीने महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात व्याकरण का शिकावे याची प्रयोजने सांगताना हा नामकरणाचा नियम उद्धृत केला आहे. कृदन्त आणि तद्धित यांतला भेद ज्याला कळत नाही त्याला मुलाचे नावही नीट ठेवता येणार नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. त्याच ठिकाणी आणखी दोन अपेक्षा येतात: नाव पित्याच्या वरच्या तीन पिढ्यांतील पुरुषांचे स्मरण देणारे असावे आणि ते शत्रूच्या घरात रूढ झालेले नसावे.

हे नियम काटेकोरपणे पाळले गेले असे महाकाव्यांतील नावे पाहता म्हणता येत नाही. अर्जुन, नकुल, भरत, लक्ष्मण ही तीन अक्षरांची, म्हणजे विषम संख्येची नावे आहेत, आणि विषम संख्या तर सूत्रकारांनी मुलींसाठी राखून ठेवली होती. तरीही चार अक्षरे ही पुरुषनामाची भरघोस मर्यादा म्हणून कानात बसली, हे युधिष्ठिर, दुर्योधन, अभिमन्यू, दशरथ या नावांवरून जाणवते. मराठीत या मोजणीला एक निराळे वळण मिळाले, कारण मराठी उच्चारात शब्दाच्या अखेरचा अकार बहुधा लोपतो. ‘इंद्रनील’ हे लेखनात चार अक्षरांचे नाव बोलताना तीन उच्चारखंडांत संपते, आणि ‘चंद्रशेखर’ हे पाच अक्षरांचे नाव चारांत. मात्र हाक मारताना हा लोपलेला स्वर परत येतो आणि लांबतो: गोविंद हा गोविंदा होतो, पुंडलीक हा पुंडलीका होतो. नावाचा शेवट दीर्घ असावा अशी सूत्रकारांची अट मराठी माणूस संबोधनात नकळत पुरी करतो असे म्हणावे, इतके हे साम्य लक्षवेधी आहे. मराठी कानाला आज जे नाव ‘लांब’ वाटते ते बहुधा असे चार किंवा पाच अक्षरांचे असते: हृषीकेश, अनिरुद्ध, पद्मनाभ, देवव्रत, विश्वजित, मृत्युंजय, यशोवर्धन, विक्रमादित्य, पुरुषोत्तम.

अलीकडच्या दोन दशकांत मराठी कुटुंबांचा कल मात्र उलट दिशेने गेला आहे. आरव, विहान, अयान, रुद्र, शौर्य, अर्णव ही नावे घरोघरी ऐकू येतात आणि त्यांचे आकर्षण समजण्यासारखे आहे. ती उच्चारायला सोपी आहेत, रोमन लिपीत पाच-सहा अक्षरांत मावतात, परदेशी सहकाऱ्याच्या जिभेला अडत नाहीत आणि अर्जाच्या चौकटीबाहेर जात नाहीत. या निवडीमागे मुलाला पुढच्या आयुष्यात अडचण येऊ नये ही काळजी असते, आणि त्या काळजीचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु नाव लहान ठेवताना एका गोष्टीचा विचार सहसा होत नाही: मराठी घरात मुलाला आजवर एकच नाव कधी नसे, आणि लांब नावाचे मोल त्याच्या लांबीपेक्षा त्या लांबीतून निघणाऱ्या अनेक नावांत होते.

धर्मशास्त्रानेच एका मुलाला चार नावे दिलेली आहेत. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्ये यांनी १७९० मध्ये रचलेला ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ महाराष्ट्रातील धार्मिक व्यवहारात दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. त्यात देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम असे नावांचे चार प्रकार येतात. देवतानाम कुलदेवतेशी मुलाला जोडते. मासनाम जन्मलेल्या महिन्यावरून येते आणि त्यासाठी विष्णूच्या नावांची बारा महिन्यांवर वाटणी केलेली असते. नाक्षत्रनाम जन्मनक्षत्राच्या चरणावरून ठरते. आणि व्यावहारिक नाम म्हणजे ज्या नावाने चारचौघांत ओळखले जायचे ते. बाराव्या दिवशीच्या बारशात या शास्त्राला घरातल्या बायकांचा विधी येऊन मिळतो. ताटात तांदूळ पसरून त्यांवर सोन्याच्या अंगठीने नावे लिहिली जातात, पाळण्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला मूल देताना गोविंद, गोपाळ अशी देवाची नावे घेतली जातात, आणि अखेरीस आत्या बाळाच्या कानात कुर्र करून ठरलेले नाव सांगते. शास्त्रात नाव पिता ठेवतो आणि लोकाचारात ते आत्या उच्चारते. हा अधिकार मराठी घरांनी बहिणीकडे सोपवला, ही या संस्काराची अतिशय सुंदर बाजू आहे.

या अधिकृत नावांच्या खाली आणखी एक थर असे, तो म्हणजे हाकेच्या नावांचा. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र होती. पेशवे बाळाजी विश्वनाथ आणि त्यांचे नातू बाळाजी बाजीराव हे तिचे इतिहासातील ठळक उदाहरण. पण सुनेने सासऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, हाही तितकाच पक्का दंडक होता. परिणामी आईलाच आपल्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारता येत नसे. बाळ, बापू, आबा, नाना, तात्या, अण्णा, भाऊ, दादा या नावांची जी रेलचेल मराठी चरित्रांत आढळते, तिच्या मुळाशी केवळ लाड नसून ही अडचणही आहे. लोकमान्य टिळकांचे जन्मनाव केशव होते, परंतु बाळ हे घरातले नाव इतके दृढ झाले की, इतिहासात बाळ गंगाधर हीच ओळख राहिली. सुनेवर लादलेला तो मौनाचा नियम गेला हे योग्यच झाले. मात्र त्याच्यामुळे वाढलेला हाकेच्या नावांचा थर त्या नियमापेक्षा मोठा आणि अधिक आयुष्याचा आहे.

लांब नाव या थराला कच्चा माल पुरवते. दत्तात्रेयाचा दत्ता, दत्तू, दत्तोबा होतो, सदाशिवाचा सदू आणि सद्या, चिंतामणीचा चिंतू आणि चिंत्या, वासुदेवाचा वासू, पांडुरंगाचा पांडू, रामचंद्राचा रामू, रामभाऊ आणि पुढे रामचंद्रपंत किंवा रामचंद्रराव. या प्रत्येक रूपाला बोलणारा वेगळा असतो. ‘ऊ’कारान्त रूप बहुधा वडीलधाऱ्यांचे आणि प्रेमाचे, ‘या’कारान्त रूप बरोबरीच्या मित्रांचे, ‘बा’ लागलेले रूप आदराचे आणि तरीही जवळिकीचे, ‘भाऊ’ लागलेले शेजाऱ्यांचे आणि गावकऱ्यांचे, ‘राव’ व ‘पंत’ हे दरबारचे, कचेरीचे आणि पत्रावरच्या मायन्याचे. एकाच माणसाच्या नावाभोवती त्याच्या सगळ्या नात्यांचा नकाशा मांडलेला असतो, आणि कोण कोणत्या नावाने हाक मारतो यावरून त्या दोघांमधले अंतर परक्यालाही कळते. दोन-तीन अक्षरांच्या नावात अशी मोडतोड करायला जागाच राहत नाही. आरव या नावाचा संक्षेप करू म्हटले तरी काय उरणार, आणि विहानचा विहानराव होताना जीभ अडखळते, कारण ही नावे तयार होतानाच संक्षिप्त झालेली आहेत. त्यांना आई, मित्र, शिक्षक आणि बँकेतला कारकून सारख्याच रूपात उच्चारतात. मुलाच्या आयुष्यातून एक संपूर्ण व्याकरण त्यामुळे कमी होते, आणि ते कमी झाल्याचे त्याला कळण्याचाही मार्ग नसतो.

वारकरी संतांच्या नावांत या व्याकरणाचे सर्वांत उदात्त रूप पाहायला मिळते. ज्ञानेश्वर हे नाव ज्ञानदेव, ज्ञाना, ज्ञानोबा अशा रूपांतून फिरत शेवटी माउली या नात्यात विसर्जित होते. तुकाराम अभंगाच्या अखेरीच्या नाममुद्रेत, म्हणजे रचनाकाराची ओळख सांगणाऱ्या खुणेत, स्वतःला तुका म्हणवतात आणि लोक त्यांना तुकोबा म्हणतात. नामदेव स्वतःपुरते नामा असतात, चोखामेळा चोखा आणि लोकांसाठी चोखोबा. स्वतःविषयी बोलताना नाव तोडून लहान करायचे आणि दुसऱ्याविषयी बोलताना त्याला ‘बा’ जोडून मोठे करायचे, ही नम्रतेची रीत नावाच्या रूपांतूनच बोलते. विसाव्या शतकात विनायक नरहरी भावे यांच्या बाबतीत तेच घडले: विनायक हे कागदावरचे, विन्या हे आईच्या तोंडचे आणि विनोबा हे आश्रमापासून देशभर गेलेले. ही तीन नावे तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली नाहीत, ती एकाच चार अक्षरी नावात होती.

लेखकांच्या बाबतीत नावाचा प्रवास आणखी निराळा आहे. मराठी साहित्यव्यवहाराने लांब नावांची आद्याक्षरे करून पु. ल., ग. दि. मा., वि. स. अशी नवीच हाक तयार केली, आणि पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांच्यासारखे भारदस्त नाव दोन अक्षरांत घराघरांत पोचवले; निकटवर्तीयांसाठी मात्र ते भाईच होते. वि. स. खांडेकर जन्माने गणेश आत्माराम होते आणि दत्तक गेल्यावर विष्णू सखाराम झाले, वि. वा. शिरवाडकर जन्माने गजानन रंगनाथ होते आणि दत्तकविधानाने विष्णु वामन झाले. मराठीला ज्ञानपीठ पुरस्कार मिळवून देणारे हे पहिले दोन साहित्यिक, अनुक्रमे १९७४ आणि १९८७ सालच्या पुरस्काराचे मानकरी, लहानपणी ठेवलेल्या नावाने ओळखले गेलेच नाहीत. शिरवाडकरांनी तर कुसुमाग्रज, म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ, हे पाच अक्षरांचे नाव स्वतः निवडले आणि बहिणीच्या नात्याने आपल्या कवितेवर सही केली. लांब आणि वेगळे नाव माणसाला झाकून टाकते असे ज्यांना वाटते त्यांनी या नावाकडे पाहावे. ते उच्चारताना कोणालाही जड वाटत नाही, कारण त्याचा प्रत्येक भाग काही सांगतो.

नावाच्या लांबीचा आणि भारदस्तपणाचा विचार करताना एका कठोर इतिहासाला बगल देता येत नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वर्णानुसार नावे सांगितली आहेत: ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे तिरस्कार सुचवणारे. नाव ही पहिली मालमत्ता आहे असे मानले तर या श्लोकाने जन्मतःच वारसाहक्क नाकारलेला आहे. महाराष्ट्रातील दगडू, धोंडू, केरू, भिकू या नावांचा उगम सरसकट या श्लोकात शोधणे चूक ठरेल. मुले जगत नसत त्या काळात दृष्ट लागू नये, यमाला हे मूल नकोसे वाटावे, म्हणून सर्वच जातींत अशी नावे ठेवली जात. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, त्यावरूनही धोंडो, धोंडू ही नावे आली, आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव सर्वपरिचित आहे. परंतु एका घरात जी नावे एका मुलापुरती नवसाची होती, तीच दुसऱ्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्यांची सक्ती होती. तेथे नावाच्या शेवटी राव किंवा पंत लागण्याची मुभा नव्हती, आणि ‘या’कारान्त रूप मित्राच्या तोंडून नव्हे तर मालकाच्या तोंडून येत असे. लाडाने केलेला संक्षेप आणि अवमानाने केलेला संक्षेप व्याकरणात सारखाच दिसतो. फरक इतकाच की, पहिल्याच्या मागे पूर्ण नाव सुरक्षित उभे असते आणि दुसऱ्याच्या मागे कोणी ते नावच उभे राहू दिलेले नसते.

म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई यांनी आपल्या एका मुलाचे नाव राजरत्न ठेवले, ही गोष्ट नामकरणाच्या इतिहासात लहान नाही. चार अक्षरे, ठाशीव जोडाक्षर आणि अर्थात राजा व रत्न दोन्ही. मनूच्या श्लोकाने जे जे नाकारले ते सगळे या एका नावात आहे. ते मूल १९२६ मध्ये बालवयातच गेले. पुढच्या वर्षी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडच्या सत्याग्रहात मनुस्मृतीचे दहन झाले. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील लाखो कुटुंबांनी मुलांना सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, आनंद ही नावे दिली आणि त्यांच्या जोडीने नागसेन, अश्वघोष, धम्मपाल, संघरत्न, बुद्धभूषण अशी पाली व संस्कृतातील पूर्ण, सामासिक, चार-पाच अक्षरांची नावेही दिली. ज्यांच्या पूर्वजांना नाव म्हणून एखादा तुटका शब्द मिळाला होता त्यांनी मुलाला जाणीवपूर्वक लांब नाव दिले. शाळेच्या हजेरीत ते दररोज पूर्ण उच्चारले जावे, शिक्षकाला ते तोडता येऊ नये, हा त्यामागचा आग्रह समजून घेतला म्हणजे लांब नाव हे केवळ हौसेचे किंवा उच्चभ्रूपणाचे लक्षण आहे हा समज टिकत नाही.

वेगळेपणाचा प्रश्न लांबीपेक्षा अवघड आहे. प्रत्येक पिढीच्या नावांना एक लाट असते: एका काळी संजय, विजय, राजेश, सुनील, नंतर अमित, अमोल, सचिन, निखिल, त्यानंतर अथर्व, वेदांत, पार्थ. एका वर्गात एकाच नावाची तीन मुले बसू लागली की, शिक्षक आडनावावर येतात आणि ठेवलेले नाव शाळेपुरते तरी निकामी होते. यातून सुटण्यासाठी काही पालक नवी नावे घडवतात. ‘अंश’ हा शब्द जोडून केलेल्या कित्येक नावांत पहिल्या भागाचा अर्थ विचारला तर आईवडिलांपाशी उत्तर नसते, आणि त्याच घडणीची नावे त्याच वेळी शेकडो घरांत तयार होत असल्याने हवा तो वेगळेपणाही हाती लागत नाही. घडवलेले नाव लाटेतच जन्मते. शोधून काढलेले नाव लाटेबाहेर राहण्याची शक्यता अधिक असते, आणि अशा शोधासाठी मराठी पालकाला दूर जावे लागत नाही.

संध्येच्या वेळी घेतली जाणारी विष्णूची चोवीस नावे हा दख्खनच्या पुरुषनामांचा सर्वांत मोठा साठा राहिला आहे. केशव, माधव, गोविंद, श्रीधर, दामोदर, वामन ही त्यांतील नावे आजोबा-पणजोबांच्या पिढीत इतकी रूढ झाली की ती आज जुनाट वाटतात. पण त्याच यादीतील त्रिविक्रम, संकर्षण, प्रद्युम्न, अधोक्षज, उपेंद्र ही नावे तुलनेने फार थोड्या घरांनी वापरली. इतिहासाकडे वळले तर राष्ट्रकूट घराण्यातील अमोघवर्ष, उत्तर कोकणच्या शिलाहारांतील अपराजित, देवगिरीच्या यादव दरबारी तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव आणि संस्कृत नाटककार राजशेखर हे सगळे याच भूमीशी जोडलेले आहेत. शार्ङ्गदेव हे नाव आज कोणी ठेवले तर त्याच्या जोडाक्षराने मुलाला थोडा त्रास होईल हे खरे. मात्र त्या नावाबरोबर त्याला संगीतशास्त्राचा एक मोठा ग्रंथ आणि आपल्याच मुलखातले एक शहर मिळेल, आणि नाव विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगण्यासारखे काही त्याच्यापाशी असेल. साहित्यही हे काम करते. शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कर्णावरील कादंबरी १९६७ मध्ये आली. जे ती वाचून भारावून गेले त्यांच्यासाठी त्या नावातील शिवाला कर्णाचीही सोबत मिळाली.

जन्मनक्षत्रावरून अक्षर काढण्याची प्रथा या शोधाला उगीच आकुंचित करते. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण धरून एकशे आठ अक्षरे ठरवणाऱ्या कोष्टकाला अवकहडा चक्र म्हणतात. आर्द्रेत ङ, हस्तात ण आणि उत्तराभाद्रपदेत ञ अशी अक्षरे येतात, ज्यांपासून नाव सुरूच होत नाही, आणि मग जवळच्या अक्षराचा आधार घ्यावा लागतो. मूळ व्यवस्थेत हे नाक्षत्रनाम व्यवहाराच्या नावाहून वेगळेच होते. ते पत्रिकेपुरते ठेवून व्यावहारिक नाव मोकळेपणाने निवडण्यात परंपरेचा कोणताही भंग नाही. उलट परंपरेने दिलेली सवलतच त्यात वापरली जाते.

लांब नावावरचा आजचा मुख्य आक्षेप कागदपत्रांचा आहे, आणि महाराष्ट्रात तो नव्याने उभा राहिला आहे. राज्य सरकारच्या २०२४ मधील निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने नोंदवायचे आहे. तीन शब्दांचे नाव चार शब्दांचे झाल्यावर पहिला शब्द तरी आखूड असावा, असे अनेकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आईची ओळख पुत्राच्या नावात येणे ही महाराष्ट्राला परकी गोष्ट नाही. सातवाहन राजांनी आईच्या गोत्रावरून गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी अशी नावे धारण केली, आणि नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत गौतमी बलश्री या राजमातेने कोरवून घेतलेल्या लेखात तिची स्वतःची ओळख राजाची माता आणि राजाची आजी अशी अभिमानाने नोंदलेली आहे. तो लेख दगडात कोरणाऱ्या कारागिरांना नावे लांब आहेत म्हणून ती तोडावीशी वाटली नाहीत. आईचे नाव आल्याने मुलाचे नाव लांबले तर ती लांबी सोसण्याजोगी आहे, आणि तिची भरपाई मुलाच्या नावातून अक्षरे कापून करण्याची गरज नाही.

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांची अडचण मात्र खरी आहे. तेथे वडिलांचे नाव मधले नाव म्हणून धरले जाते, महाप्राण आणि मूर्धन्य वर्ण स्थानिकांना उच्चारता येत नाहीत, आणि अनिरुद्धमधला ‘द्ध’ किंवा धनंजयमधला ‘ध’ वर्षानुवर्षे चुकीचाच ऐकावा लागतो. यावर दोन अक्षरांचे नाव हा एक मार्ग आहे. परंतु लांब नावात दुसरा मार्ग आधीच असतो: अनिरुद्ध शाळेत अनी होऊ शकतो, हृषीकेश ऋषी होऊ शकतो, विश्वजित विश होऊ शकतो, आणि आजीशी फोनवर बोलताना तोच मुलगा पूर्ण नावाने हाक ऐकू शकतो. कोणते नाव कोणाला द्यायचे हे तो मोठेपणी स्वतः ठरवतो. लहान नाव लांब करण्याची सोय भाषेत नाही. लांब नाव लहान करण्याचे स्वातंत्र्य मात्र भाषा प्रत्येकाला देते, आणि मुलाला द्यायचे ते हे स्वातंत्र्यच असेल तर चार अक्षरांचे नाव अधिक उदार ठरते.

घाई करण्याचे कारण कायद्यानेही ठेवलेले नाही. जन्माची नोंद एकवीस दिवसांत व्हावी लागते, पण ती नावाशिवाय करता येते, आणि नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत कोणतेही शुल्क न भरता नाव घालता येते. त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत ही सोय असते. बारशाला ठरवलेले नाव घरात काही महिने वापरून पाहावे, आजी ते कसे उच्चारते, थोरले भावंड त्याचे काय करते, शेजारची मुले त्यातून कोणती हाक काढतात, हे ऐकावे, आणि मग ते नोंदवावे, इतका अवधी यातून मिळतो. नोंदवताना लेखन मात्र काटेकोर तपासायला हवे. हृषीक म्हणजे इंद्रिये आणि त्यांचा ईश तो हृषीकेश, असे असूनही दाखल्यांवर ‘ऋषिकेश’ हेच रूप वारंवार उतरते. पद्मनाभमधला भ, विश्वजितमधला ऱ्हस्व जि, त्र्यंबकमधले आरंभीचे जोडाक्षर यांचीही तीच गत होते. जन्मदाखल्यावर जे लेखन उमटते तेच पुढे शाळेच्या दाखल्यात, आधारपत्रात आणि पारपत्रात जाते, आणि नंतर ते बदलायला राजपत्रात नोंद करावी लागते. तेव्हा मुलाला चार अक्षरे द्यायची ठरल्यावर ती चारही शुद्ध लिहिली आहेत ना, हे अर्जावर सही करण्यापूर्वी संस्कृत जाणणाऱ्या एखाद्या शिक्षकाकडून पाहून घेणे इष्ट आहे.